बंद करायच्या गोष्टी

ताईला बोलवायचं हे बारक्यानं ठरवलं, आणि कशासाठी बोलवायचं हे अण्णा-आईंना आधी सांगायचं नाही हेही त्यानंच ठरवलं. पहिल्या गोष्टीत काही चूक नव्हती.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली तसं ताईनं टेबल पुसून घेतलं, पर्समधून चष्मा काढला आणि सगळ्यांकडे अशा नजरेनं पाहिलं, की आईनं उगाचच केस सारखे केले. शाळेच्या कार्यालयात खिडकीमागे बसून फी घेण्यात ताईचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ती कुठंही बसली तरी तिच्यापुढे खिडकी आहे असंच वाटायचं.

"हं. दर महिन्याला, दर वर्षाला या घरातून काय काय जातं ते एकेकानं बोला. लाजायचं काम नाही."

"कोण जातंय?" अण्णांनी विचारलं.

"पैसे, अण्णा. वापरात नसलेल्या गोष्टींचे."

"मग तसं म्हण की. मला वाटलं माणसं जातायत."

बारक्याची बायको, नवी, तान्ह्या टिंबीला मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. लग्न होऊन किती दिवस झाले, या घरात लेकरू झालं, तरी तिचं नाव नवीच राहिलं होतं. आता कुणी खऱ्या नावानं हाक मारली असती तर कुणाला बोलावतायत म्हणून तिनंच मागं वळून पाहिलं असतं. ही सगळी बैठक आपल्यासाठी भरली आहे हे तिला माहीत होतं आणि त्यामुळे मान वर करून बसणं तिला जड जात होतं.

गोष्ट साधी होती. या महिनाअखेरीला तिची रजा संपत होती. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या बनवायची. मेणाचा साचा, गुलाबी हिरड्या, एकेक दात चिमट्यानं बसवायचा, हे काम तिला मनापासून आवडायचं. मालकीणबाई म्हणाल्या होत्या, आणखी एक वर्ष घेतलंस तरी जागा राखीन, पगार मात्र नाही देणार. तेव्हा घरातलं नको ते गेलं तर ते वर्ष मिळत होतं. नाही गेलं तर दुसऱ्यांचे दात बसवता बसवता आपल्या लेकीचा पहिला दात पाळणाघरातल्या बाईंना आधी दिसणार; आईंच्या गुडघ्यांना दिवसभर पोर झेपणारं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीनं तिला रडू यायचं आणि रडू येतं याची लाजही वाटायची.

"सिनेमे," ताई म्हणाली. "किती ठिकाणचे घेतलेत?"

"एकच," बारका म्हणाला.

"तीन," नवी म्हणाली.

"तिसरं कुठलं?"

"तू एक सामना बघायला घेतलं होतंस ते. तो सामना होऊन टिंबी जन्मली."

"जिंकले होते का?" आईनं विचारलं.

"हरले."

"काढा," ताई म्हणाली. "व्यायामशाळा?"

"ती राहू दे. मी जातो तिथं."

"कशाला?"

बारका मोटार शिकवायचा. एक शिकाऊ माणूस उतरला आणि दुसरा यायचा असला की मधला वेळ कुठंतरी काढावा लागे. तो जरा घुटमळला. "गाडी लावायला. तिथं झाडाची सावली चांगली आहे."

आई आधी हसली, मग अण्णा, मग ताईसुद्धा. हसताना ताईचा चष्मा खाली घसरायचा. तेवढ्यापुरती ती खिडकीमागची बाई राहायची नाही, याच घरात वेणी ओढून घेतलेली पोर दिसायची.

"सावलीला पैसे देणारा पहिलाच माणूस बघितला मी. काढ. अण्णा, आता तुमचं. तुम्हाला फोन केला की बासरी वाजते. तिचे दर महिन्याला पैसे कापले जातात."

"बासरी? मला तर कधी ऐकू आली नाही."

"तुम्हाला कशी येईल? फोन करणाऱ्याला येते."

"म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना बासरी ऐकवतोय?" अण्णा आईकडे वळले. "आणि तू मला बोलली नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही हौसेनं लावलीय. मी बाजारातून तुम्हाला फोन करते ना, तुम्ही लवकर उचलला की मला वाईट वाटतं. चांगली वाजवतो हो तो."

इथवर सगळं मजेत चाललं होतं.

*

"आता माझं," ताई स्वतःच म्हणाली, कारण दुसरं कुणी म्हणणार नव्हतं. "ते विज्ञानाचं मासिक. माझ्या माहेरच्या नावानं अजून येतं या पत्त्यावर. आई, ते कोण भरतं?"

"मी."

"मी कॉलेजात असताना लावलं होतं ते! तू वाचतेस?"

"मला काय कळतंय त्यातलं. ग्रहांची चित्रं बघते."

"मग?"

आई टेबलावरचा एक कण बोटानं गोळा करत राहिली. ताईला उत्तर येण्याच्या आधीच ते समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. दर महिन्याला आईचा फोन यायचा, "तुझं मासिक आलंय, घेऊन जा." ती कार्यालय सुटल्यावर दोन बस बदलून यायची. आईला वाटतं आपण वाचतो, तर कशाला तिचं मन मोडा, म्हणून. चहा व्हायचा, घरातलं बारीकसारीक कळायचं, आणि परत जाताना मासिक बसमध्ये शेजारच्या माणसाला देऊन ती उतरायची. गेल्या कित्येक वर्षांत तिनं त्याचं पान उलटलं नव्हतं.

"काढ ते," आई म्हणाली. "खरंच काढ. तुला तरी एवढ्या लांबून यायला त्रास."

"मासिक नसलं तरी मी येईन."

"येशील गं. पण सवड झाली की येशील. मासिक आलं की यावंच लागतं."

ताईनं चष्मा काढून पुसला. पुसायला काही नव्हतं. "बरं, हे मागाहून बघू," ती म्हणाली. बारक्यानं लगेच ते पकडलं.

"वा! आमची सावली लगेच काढा, आणि तुझं मागाहून?"

"तू गप रे."

अण्णा इतका वेळ बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरून बसले होते. आता त्यांचा हात थांबला. अण्णांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. इमारती कंपनीशी वर्षाचा करार करायच्या, अण्णा महिन्याला एकदा जाऊन तेल घालायचे, दोर बघायचे, दारं लावून उघडून पाहायचे. मुलं लहान असताना विचारायची, बंद पडलेली नसते तर तुम्ही काय दुरुस्त करता? "बंद पडू नये याचेच पैसे देतात ते," अण्णा सांगायचे. त्यामुळे एखादी गोष्ट चालू ठेवणं हा त्यांच्या लेखी खर्च नव्हता, ती माणसानं दिलेली जबान होती. आणि मोडायचीच असेल तर फोनवरून, चिठ्ठीवरून मोडायची नाही. समोर बसून सांगायचं. कित्येक इमारतींनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं. "तुमचं काम फार चांगलं आहे, पण..." असं सांगायच्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं हमखास जास्त असायची, म्हणून बशी भरलेली दिसली की अण्णा समजायचे. परिणाम असा, की या घरात कधीच काही बंद झालं नव्हतं, कारण समोर जाऊन सांगायला सगळ्यांनाच संकोच वाटायचा.

"एक विचारू?" अण्णा म्हणाले. "हे सगळं चाललंय ते कशापायी? आम्ही दोघं जड झालोत का?"

"अण्णा, काहीतरीच काय!" बारका म्हणाला.

"मग तुझी नोकरी गेली? की कर्ज करून बसलास? मुलगी माहेरी येते आणि आईबापाच्या दुपारच्या झोपेच्या वेळेला हिशेब मांडते, तर काहीतरी असणारच. आम्हाला सांगायचं नाही असं तुम्ही भावंडांनी मिळून ठरवलंय. तुझ्या तोंडावर दिसतंय, ताई. तुला लहानपणापासून लपवता येत नाही."

ताईनं बारक्याकडे पाहिलं. बारक्यानं पंख्याकडे पाहिलं. टिंबीनं तेवढ्यात नवीच्या गळ्यातली साखळी तोंडात घातली, आणि ती सोडवता सोडवता खाली बघूनच नवी बोलली.

"माझ्यासाठी चाललंय, अण्णा. मला एक वर्ष टिंबीजवळ राहायचंय. पगाराशिवाय. मीच म्हटलं याला. तुम्हाला मागायची लाज वाटली मला."

मग आई उठली, नवीच्या मांडीवरून टिंबीला उचललं आणि तिच्या तोंडातली लाळ आपल्या बाहीला पुसली.

"एवढंच ना," आई म्हणाली. "आणि हा ठोंब्या आम्हाला काही सांगेना. ताई, बस पुन्हा. काय काय राहिलंय? माझ्या पोहण्याच्या तलावाचं काढ. गुडघ्यानं तसंही सोडलंच होतं."

"आई, तुमचं नको," नवी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. तुझं तू मागितलंस ना, आता देणाऱ्यांना देऊ दे."

*

तलाव गेला, घरातला जुना फोन गेला, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची सेवा गेली. ते यंत्र कधीच माळ्यावर गेलं होतं. ताईनं बेरीज केली, ओठ चावला आणि पुन्हा केली.

"अजून पुरत नाही. एकच मोठी गोष्ट राहिलीय." तिनं जिन्याशेजारच्या जाळीच्या दाराकडे मान वळवली. "लिफ्ट. एवढ्याशा तीन मजल्यांच्या घराला लिफ्ट, आणि तिचा वर्षाचा करार कंपनीशी! आत्तापर्यंत काढलं ते सगळं एका बाजूला आणि ही एकटी दुसऱ्या बाजूला. आजी गेल्यापासून तिचा उपयोग काय? कपड्यांची टोपली वर न्यायला?"

जाळीपलीकडे अंधारात लिफ्ट उभी होती. पाडून टाकलेल्या एका नाट्यगृहातून अण्णांनी ती भंगाराच्या भावात आणली होती. आजीला जिना चढवेना म्हणून भिंत फोडून, मित्रांना हाताशी धरून, सुट्टीच्या दिवशी खपून बसवली. आत लाकडी फळ्यांच्या भिंती होत्या, एक डाग पडलेला आरसा होता आणि आजीसाठी ठेवलेलं स्टूल होतं. आजी रोज सकाळी केस विंचरून त्या स्टुलावर बसायची आणि कुठंतरी मोठ्या समारंभाला निघाल्यासारखी स्वयंपाकघरात उतरायची. ताईनं परीक्षेचा अभ्यास त्यात केला होता. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबवून बसलं की बारका येऊन पुस्तक ओढू शकायचा नाही.

"कुणी वापरत नाही," ताई म्हणाली.

"वापरात आहे," अण्णा म्हणाले.

"कोण वापरतं?"

"मी."

"तुम्ही? तुम्ही तर म्हणता जिना चढणं हेच औषध."

अण्णा धडधडीत खोटं बोलले होते आणि का, हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं असं त्यांना वाटत होतं. दुपारी ते आडवे व्हायचे तेव्हा डोळे मिटलेले असत. कान मात्र मिटत नसत. रोज त्याच सुमाराला लिफ्ट वर जायची. थांबायची. दार उघडायचं नाही. पुन्हा खाली. पुन्हा वर. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, बटण अडकलं असणार, उठून बघावं. मग जाळीतून एक बारीक रडण्याचा आवाज आला, हळूहळू विझत गेला, आणि अण्णा परत पडून राहिले. सून सांगत नाही म्हणजे तिला संकोच वाटत असणार, विजेचा खर्च होतो म्हणून. तेव्हा आपणही ऐकलं नाही असं समजायचं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी सकाळीच जाळीच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, म्हणजे दार करकरू नये.

"अण्णा नाही," नवी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी वापरते. टिंबी दुपारी पाळण्यात झोपत नाही, खांद्यावर झोपत नाही. एकदा कपड्यांची टोपली वर नेताना तिला कडेवर घेऊन गेले आणि ती वर पोचायच्या आत झोपली. तेव्हापासून रोज नेते. दोन-चार फेऱ्या मारल्या की डोळे मिटते."

बारका तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला. "आणि मला वाटायचं तू तिला गाणी म्हणून झोपवतेस!"

"म्हणते की. आतच म्हणते."

आई टिंबीला थोपटत होती. तिचा हात तसाच चालू होता, पण नजर जाळीपलीकडे गेली. बारका पोटात होता तेव्हा लिफ्ट आली. तो झाला आणि रडायला लागला तो थांबेचना. घरात सासूबाई, दोन दीर, येणारेजाणारे. प्रत्येकाकडे एक उपाय. असं धर, तसं धर, ओवा दे, नको देऊ. एके दिवशी ती त्याला घेऊन लिफ्टमध्ये शिरली आणि जाळी ओढून घेतली. त्या सबंध घरात, आतून लावता येईल आणि कुणी का लावलं म्हणून विचारणार नाही, असं ते एकच दार होतं. पोर झोपलं. मग ती स्टुलावर बसून तशीच वर-खाली करत राहिली, कधी स्वतः रडली, कधी आरशात बघून स्वतःलाच हसली. सासूबाई खालून ओरडायच्या, "अगं, लिफ्ट सोड की, मला उतरायचंय!" नवीच्या फेऱ्या आईलाही पहिल्या दिवसापासून माहीत होत्या. तीही बोलली नव्हती. ज्या दाराआड आपण कुणाला शिरू दिलं नाही, ते बाहेरून वाजवायचं कसं?

"हिलाही सापडली म्हणायची ती जागा," ती एवढंच म्हणाली.

ताईला ते ऐकू गेलं आणि ती एकदम दुसऱ्याच बाजूला जाऊन बसली. "मग लिफ्ट नको काढायला. बारक्या, तू एक तास जास्त शिकव. मी माझ्याकडून थोडं..."

"तुझ्याकडून काही नको," बारका म्हणाला. "सोपं आहे. करार बंद, लिफ्ट चालू. घरात लिफ्टचा एवढा मोठा मिस्त्री बसलाय. अण्णाच बघतील तिच्याकडे."

"नाही," अण्णा म्हणाले.

"का? तुम्हीच तर बसवलीत!"

"म्हणूनच नाही. आपण पिळलेला नट आपल्याला घट्टच दिसतो. बसवणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा पहिला नियम. माझ्या आईला बसवलं तिच्यात, तेव्हासुद्धा कंपनीचा माणूस तपासून गेल्यावर बसवलं. आता तर नातीला घेऊन सूनबाई जाते." त्यांचा आवाज थोडा खाली आला. "करार असेल तर लिफ्ट चालेल. करार नसेल तर मेन स्विच बंद. मधलं काही नाही."

सगळ्यांच्या नजरा नवीकडे वळल्या, आणि वळल्या म्हणून प्रत्येकानं आपली दुसरीकडे वळवली. एवढा वेळ ती मागणारी होती. आता सोडायचंही तिलाच होतं.

टिंबीनं आईच्या खांद्यावरून तिच्याकडे बघून तोंडभर हसून दाखवलं. अजून नुसत्या हिरड्या.

"बंद करा, अण्णा," नवी म्हणाली. "वर्षभर मी आहे ना. झोपेल कशीतरी."

*

कंपनीची मेकॅनिक संध्याकाळच्या चहाला यायची होती. महिन्याची फेरी होती तिची. अण्णांच्या हाताखाली शिकलेल्या मंडळींतली ही शेवटची. तिला ते मास्तरीण म्हणायचे, कारण आता तीच नव्या पोरांना शिकवायची. तिनं हत्यारांची पिशवी जिन्याशी ठेवली आणि नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतेय आपली म्हातारी?"

"ठणठणीत आहे," अण्णा म्हणाले. "चहा घे आधी."

आईनं चहा आणला. अण्णांनी बिस्किटांची बशी पुढे केली, मग आत जाऊन डबाच आणला आणि बशी शिगोशीग भरली. मास्तरिणीनं बशीकडे पाहिलं.

"कामाचं कसं चाललंय?" अण्णा म्हणाले. "त्या दवाखान्याच्या लिफ्टचा आवाज गेला का?"

"नाही हो. तुम्ही करून दाखवायचात तसाच येतो."

ही अण्णांची जुनी करामत होती. कुठली लिफ्ट कशानं कुरकुरते ते ते तोंडानं वाजवून दाखवायचे. शिकाऊ पोरांना तसंच शिकवायचे. घरी जेवताना हाच खेळ चालायचा. अण्णा तोंडानं एखादी लिफ्ट चालवायचे आणि मुलांनी ओळखायचं: बँकेची! दवाखान्याची! छापखान्याची! ताई नेहमी आधी ओळखायची आणि बारका रडायचा. कवळी बसवल्यापासून मात्र अण्णांनी ते सोडलं होतं. कवळी नवीनं स्वतः बनवलेली, बसली होती झकास, पण आवाज काढायला गेलं की मध्येच शीळ निघायची.

"मास्तरीण," अण्णा म्हणाले. "तुमचं काम फार चांगलं आहे..."

आणि अडकले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य त्यांच्या तोंडात अर्ध्यावर लटकलं. ताईनं दारातूनच ते पाहिलं. आपण दुपारपासून किती सहज 'काढा, काढा' म्हणत होतो, याचं तिला वाईट वाटलं.

मास्तरिणीनं चहा संपवला. कप खाली ठेवला.

"अण्णा, 'पण' मी म्हणू का?" ती म्हणाली. "बिस्किटं बघितली तेव्हाच समजलं. तुम्हीच शिकवलंय."

अण्णांनी मान हलवली. मग सगळं सांगितलं. नातीचं, सुनेचं, वर्षाचं. ती ऐकून घेत होती.

"चांगल्या कारणासाठी बंद होतेय," ती उठत म्हणाली. "मला बहुतेक ठिकाणी कारणच सांगत नाहीत. एक शेवटची फेरी मारून घेता?"

"नको," अण्णा म्हणाले. "शेवटची म्हणून मारली की उतरवत नाही."

दोघांनी मिळून लिफ्ट तळमजल्यावर आणून उभी केली. स्विच ओढला. आरशावरचा दिवा गेला. मास्तरीण निघताना म्हणाली, "चहाला आले तर चालेल ना? बिस्किटं दोनच ठेवा."

*

टिंबीची दुपारची झोप त्या दिवशी गोंधळात राहून गेली होती. त्याची कसर तिनं संध्याकाळी काढली. पाळणा झाला, खांदा झाला, बारक्यानं तिला बंद गाडीत बसवून खोटं खोटं चालवून दाखवलं. ती पाठ ताठ करून रडत राहिली. ताईनं निघण्यासाठी पर्स उचलली होती ती परत ठेवली आणि स्वयंपाकघरात आईच्या शेजारी भांडी पुसायला उभी राहिली. ओट्याच्या कोपऱ्यात मासिक पडलं होतं. या महिन्याचं. ते तिनं पर्समध्ये ठेवलं.

"ते राहू दे की," आई म्हणाली. "काढलं ना?"

"पुढच्या महिन्यापासून काढू."

"असं प्रत्येक महिन्याला म्हणशील."

"म्हणेन. आणि म्हणायला इथंच यावं लागेल."

बाहेर नवी थकली होती. पाय आपोआप जाळीकडे वळले. तिनं दार सरकवलं, आत जाऊन स्टुलावर बसली, जाळी ओढून घेतली आणि सवयीनं बटण दाबलं. काही झालं नाही. टिंबीनं रडता रडता वर पाहिलं. रोज तिथं दिवा लागायचा. तो लागला नाही तसा तिनं श्वास आत घेतला आणि दुप्पट जोरानं सूर लावला.

"नाही गं राजा," नवी म्हणाली. "आता नाही जात ती." वर्ष मिळालं होतं, आणि पहिल्याच संध्याकाळी काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

जाळीबाहेर चपला वाजल्या. अण्णा आले. आत न बघता, जाळीकडे पाठ करून उभे राहिले. खिशातून रुमाल काढला, तोंडावर धरला, कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. घसा खाकरला.

मग ती चालू झाली.

आधी खोलवर एक खट्. मग घुंऽऽऽ, पोटातून येणारा, थोडा थरथरता, मध्येच किंचित जाड होणारा, कारण पहिल्या मजल्याच्या वर रुळाला एक सांधा होता आणि अण्णा तो विसरले नव्हते. आता शीळ निघत नव्हती.

स्वयंपाकघरात ताईच्या हातातली बशी थांबली. तिनं डोळे मिटले आणि लहानपणी जेवताना ओरडायची तसं, पण अगदी हळू, म्हणाली, "घरची."

"मला ओळखायची होती!" बारका बाहेरून म्हणाला. आईनं दारात येऊन त्याला हातानंच गप्प केलं.

टिंबी गप्प झाली होती. तिनं गाल नवीच्या गळ्याला टेकवला, एक हुंदका आला, दुसरा आला नाही. नवीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. अण्णांचा श्वास संपत आला तसा आवाज हळू हळू उतरला. वरचा मजला आला.

"खट्," अण्णा म्हणाले.

आणि जागची तसूभरही न हललेल्या त्या लिफ्टमध्ये नवीनं, रोजच्यासारखा थांबतानाचा धक्का बसणार म्हणून, झोपलेल्या लेकीला घट्ट धरून पाय सावरले.